शुक्रवार मंडळाला पडलेली चार मतं

६ एप्रिल, रविवार

०-३. सीझन संपला. खालच्या डिव्हिजनमध्ये सहापैकी सहावे. एकोणीस वर्षांत शुक्रवार मंडळ पहिल्यांदाच शेवटचं.

तिसरा गोल प्रसादच्या दोन पायांमधून गेला. गोलकीपरने सकाळी सात वाजता उन्हाचं कारण द्यावं, कमाल आहे. शेवटची दहा मिनिटं मीच उतरलो. चौपन्नाव्या वर्षी उतरू नये. डावा गुडघा आत्ता बर्फात.

इक्बाल मॅच बघायला आला होता. त्याच्या टीमची मॅच नवाला, तरी आला. मग नेहमीप्रमाणे दोघं मुसाफ्यातल्या हॉटेलात, दाट दुधाचा करक चहा आणि पराठा. मंडळ आम्ही दोघांनी काढलं तेव्हा इथे आखातात सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून हे नाव. सुट्टी रविवारवर गेली, नाव राहिलं. दोन वर्षांपूर्वी इ.च्या कंपनीने स्वतःची टीम काढून त्याला मॅनेजर केलं, त्यामुळे त्याला जावं लागलं. जाताना आमची जर्सी मात्र परत केली नाही. मला ते आवडलं होतं.

आता सभेपुढे उभं राहून मतं मागायची. नियम माझाच.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात लक्ष नाही. दोन ड्रॉइंग चुकीच्या रिव्हिजनची पाठवली.

घरी मनीषाला नियम पुन्हा समजावून सांगावा लागला. शेवटची आली म्हणून टीम आपोआप बाहेर जात नाही. बाहेरच्या कुणी अर्ज केला असेल तर दोघांनी सभेत बोलायचं, मग दोघांनी खोलीबाहेर थांबायचं. आत बाकीच्या अकरा टीम चिठ्ठीवर एकेक नाव लिहिणार. ज्याची मतं जास्त तो लीगमध्ये. आठ वर्षांपूर्वी मी हा नियम मांडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इंग्लंडात १८८८ साली बारा क्लबांनी लीग काढली, तळाच्या चौघांना पुन्हा आत यायला मतं मागावी लागायची. आमच्याही बाराच टीम. मला तेव्हा काय तो आनंद.

म. भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, "शेवटचा नंबर दुसऱ्याचाच येणार, हे धरूनच तू तो नियम आणला होतास."

हिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण बोलते ते लागतं.

११ एप्रिल, शुक्रवार

अर्ज आला. एकच. सोनापूरचा.

सहा वर्षांपूर्वी आला होता तोच दुबईचा कामगार-कॅम्प, तोच कॅप्टन. यादगिरी, करीमनगरचा, स्टील फिक्सर, बांधकामावर सळया बांधणारा. तेव्हा अंतराचं कारण देऊन नको म्हटलं होतं. दुबईहून दर आठवड्याला बसने येणार कसे, शिफ्ट बदलली तर काय, मॅच बुडाली तर काय. तेव्हा तळाला बँकवाल्यांची टीम होती. तिला ठेवलं. ती वर्षभरात आपोआपच मोडली, ही गोष्ट वेगळी.

आता सो.ने कंपनीचं पत्र जोडलंय. रविवारी बस मिळेल. कठीण आहे.

१३ एप्रिल, रविवार

मॅच नाही. सवयीने पाचला जाग. पुस्तक उघडून बसलो.

पुस्तक म्हणजे माझं, मराठीतलं, अकरा वर्षं चाललेलं, 'खालच्या डिव्हिजनांचा जुना इतिहास'. इरा त्याला 'बाबाज नेव्हर-एंडिंग पीडीएफ' म्हणते. जुन्या इंग्रजी पेपरांचे स्कॅन वाचून वाचून डोळ्यांची वाट लागली. वरच्या डिव्हिजनवर लिहिणारे ढीगभर आहेत. मला तळाचं वेड. १८९२ ला दुसरी डिव्हिजन निघाली तेव्हा तिथे कोण आले, कोण बुडाले, कुणाचं मैदान बटाट्याच्या शेताशेजारी होतं.

सध्या सहावं प्रकरण, मतदानावरचं. प्रत्येक प्रकरण आधी इ. वाचतो. रत्नागिरीच्या शाळेतलं त्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पेन्सिलीने खुणा करतो, शाईने कधीच नाही. हे प्रकरण गेल्याच आठवड्यात त्याला दिलं.

१६ एप्रिल, बुधवार

प्रचार सुरू. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सरळ फोन केले. पाच 'हो'. एक 'इन्शाल्ला', म्हणजे नाही. शेट्टी म्हणाला, देवधर साहब, आपको पूछना पडता है क्या. शेट्टीची टीम वरच्या डिव्हिजनमध्ये तिसरी, त्याचं वजन आहे.

इ.ला विचारलंच नाही. त्याला काय विचारायचं.

१८ एप्रिल, शुक्रवार

हाफ डे. इ. घरी आला, म.ने आंबोळ्या केल्या होत्या. विषय निघाला तसं मीच म्हटलं, तुझं मत धरलंय हां. तो आंबोळी मोडत होता. "धर की," म्हणाला. मग इराला तिच्या परीक्षेचं विचारत बसला.

म्हणजे सहा. आणखी दोन करायला हवीत. सहा पुरतात, पण आपण सावध असलेलं बरं.

सहाव्या प्रकरणाचं विचारलं. वाचतोय, म्हणाला. एरवी दोन दिवसांत देतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

आठ झाली. आठ शब्द. अकरापैकी आठ.

प्रसादने टीमच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकली. त्याला म्हटलं थांब. मनातून मीही फोडलेच.

आज उगाच मैदानावरून गाडी घेतली. कुणी नव्हतं. गोलाच्या खांबाला आमची जुनी निळी दोरी अजून बांधलेली. आठवडाभर मी कुणाचा तरी 'सर' असतो. एक ती जागा, जिथे बावीस वर्षांचं पोरगं मला 'ए अभय, पास दे ना' म्हणून ओरडतं. ती गेली तर रविवारी मी काय करणार? मॉलमध्ये ट्रॉली ढकलणार.

४ मे, रविवार

बाहेर.

७ - ४.

आम्हाला चार.

५ मे, सोमवार

काल पुढे लिहवलं नाही.

सभा मुसाफ्यातल्या हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. मी सहा मिनिटं बोललो. एकोणीस वर्षं, जुनी माणसं, क्लबांनी एकमेकांना सांभाळलं म्हणून इंग्लंडातली लीग टिकली, वगैरे. टाळ्या पडल्या. यादगिरी दोनच मिनिटं बोलला, हिंदीत. पिछली बार आप लोग बोले बस नहीं है. अब बस है. एवढंच. बसला.

मग आम्ही दोघं बाहेर, जिन्याजवळ. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. गुडघ्याचं विचारलं, त्याने कुठूनतरी ऐकलेलं. मी मनात आठाचा आकडा धरून बसलो होतो, म्हणून मोठ्या मनाने त्याला सांगितलं, हरलात तरी पुढच्या वर्षी या. तो हसला.

सेक्रेटरीने दार उघडलं. आधी यादगिरीशी हात मिळवला. तिथेच कळलं.

आत गेलो तर सगळे आपापल्या फोनमध्ये. शेट्टी पाणी पीत होता, ग्लास रिकामा झाला तरी. इ.ने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल, सोडतो घरी." मी गाडी आणली होती, तरी त्याच्याबरोबर आलो. एवढा एकच माणूस आपला, असं मला वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आठांनी शब्द दिला. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, त्याचा एक भाऊ मुसाफ्यात गेला.

७ मे, बुधवार

शब्द मोडणारे चार कोण? यादी करून बसलो. चिठ्ठी गुप्त, त्यामुळे सगळे चोर आणि सगळे साव.

शेट्टीच. तो पाणी पीत होता.

८ मे, गुरुवार

शेट्टीला फोन केला. नको ते बोललो. केसाने गळा कापलास, हे हिंदीत कसं म्हणायचं ते सुचेना, म्हणून मराठीतच म्हटलं. तो मंगळूरचा, पण कळलं त्याला. शांतपणे म्हणाला, मैंने आपको ही दिया है, मेरे बच्चों की कसम. मी म्हटलं, सगळे हेच म्हणतात. त्याने फोन ठेवला.

प्रसाद आणि अजून तिघांना दुसऱ्या टीमने विचारलंय. प्रसाद विचारत होता, जाऊ का? मी म्हटलं जा.

११ मे, रविवार

इराने तिच्या पद्धतीने प्रश्न सोडवला. "बाबा, यू मेड द रूल्स. जस्ट चेक द चिट्स." खरंच की. हरलेल्या टीमला मोजणीनंतर चिठ्ठ्या पाहता येतात, हे कलम मीच घातलंय. सेक्रेटरी बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवतो. त्याला फोन केला. म्हणाला, किसलिए देवधर साहब, जाने दो ना. मी म्हटलं, कलम नऊ.

१३ मे, मंगळवार

डबा आणला. जेवणाच्या टेबलावर अकरा चिठ्ठ्या मांडल्या.

चारांवर 'फ्रायडे', इंग्रजीत. एक 'एफ' शेट्टीचा आहे, बिलावर करतो तसाच वळणदार. म्हणजे त्याने खरंच दिलं होतं.

सातांवर सोनापूर. सहा इंग्रजीत.

एक मराठीत. 'सोनापूर'. रेघ मारून, वळणदार, शाळेत शिकवतात तसं. पेन्सिलीने.

लीगच्या मॅनेजरांत मराठी लिहिणारे दोघंच. एक मी. मी तर जिन्याजवळ खुर्चीवर होतो.

म. येऊन मागे उभी राहिली. तिने अक्षर ओळखलं, आमच्या घरात त्याची अकरा वर्षांची पानं पडलीयेत. चिठ्ठ्या गोळा करून डब्यात ठेवल्या.

१४ मे, बुधवार

रजा टाकली.

आंबोळ्या खाल्ल्या. खांद्यावर हात ठेवला. घरी सोडलं. सगळं आधीच ठरवून.

शत्रूचं दुःख नसतं. शेट्टी असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण हा माणूस माझ्या मुलीच्या बारशाला होता. त्याच्या अम्मीच्या मयताला मी रत्नागिरीला गेलो होतो. मला राग येत नाहीये, मला लाज वाटतेय. कशाची ते कळत नाही.

१६ मे, शुक्रवार

मीच गेलो त्याच्याकडे. चिठ्ठी समोर ठेवली.

त्याने नाकारलं नाही. मी गप्प बसलो नाही, तोही नाही. सगळं आठवत नाही. एवढं आठवतं: मी म्हटलं गुप्त मतदान आहे, इंग्रजीत लिहिलं असतंस तर मला जन्मात कळलं नसतं. तो म्हणाला, "तुला कळावं म्हणूनच मराठीत लिहिलं."

आणि उरलेल्या तिघांशीही तोच बोलला होता. मतं सांभाळून द्या म्हणाला, एवढंच, कुणाला द्या ते सांगितलं नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढं पुरतं. त्याच्या शब्दाला वजन आहे.

मी विचारलं, का. तो आत गेला, सहावं प्रकरण आणून हातात दिलं. "वाच," म्हणाला, "आणि सहा वर्षांपूर्वीची डायरी काढ. तू सगळं लिहून ठेवतोस."

चहा विचारला. मी नको म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ मे, शनिवार

नाही काढली.

प्रकरण वाचलं. पान ४१. माझं वाक्य: 'तळाच्या क्लबांना मतं देऊन क्लबांनी एकमेकांना सांभाळलं, हे त्या काळाचं मोठेपण.' खाली पेन्सिलीने: 'बाहेर कोणाला उभं करून?'

पुढे १९२० चं. तिसरी डिव्हिजन काढताना दक्षिणेकडचे क्लब एकदम घेतले, उत्तरेकडच्यांना वर्षभर थांबवलं. मी लिहिलंय: 'प्रवासाची अडचण होतीच.' बाजूला: 'बसची?'

मस्करी करतो वर.

१८ मे, रविवार

काढली. माळ्यावरच्या बॅगेत होती.

सहा वर्षांपूर्वी, सभेच्या आदल्या दिवशीची नोंद. माझ्याच अक्षरात: 'यादगिरी भेटला. त्याला हो म्हटलंय. बिचारा दोन बस बदलून आला होता भेटायला.'

सभेच्या दिवशीची: 'बँकवाल्यांना दिलं. आपली माणसं आहेत, ती कुठे जाणार. सो.ची पोरं चांगली आहेत, पण आपल्यात मिसळणार नाहीत. एका मताने गेले. इ.ने मोजणी केली. घरी बिर्याणी.'

एका मताने.

आणि त्या चिठ्ठीवर मी काय लिहिलं असणार? मी जन्मात चिठ्ठीवर इंग्रजी लिहिलेलं नाही. गुप्त मतदानात मराठीत 'बँक' लिहून दिलं आणि मोजायला बसवलं इक्बालला. त्याने ती वाचली, घडी घातली, डब्यात टाकली, आणि माझ्याकडे बिर्याणी खायला आला. सहा वर्षं एक शब्द नाही.

तेव्हाच का नाही बोललास? तेव्हा भांडला असतास तर मी... काय केलं असतं माहीत नाही. पण ती रीत असते. दोस्ताने तोंडावर बोलायचं असतं, सहा वर्षांनी चिठ्ठीत नाही.

२० मे, मंगळवार

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म.ने आज हेच ऐकवलं. मी डायरी तिला दाखवली होती, चूक झाली. म्हटलं, तू कोणाच्या बाजूने? म्हणाली, "तू यादगिरीला फसवलंस हेही खरं, आणि इक्बालभाईंनी तुला फसवलं हेही खरं. दोन्हीची वजाबाकी कशाला करतोस?"

मला करायची आहे. तिथेच गाडी अडते. माझी चूक कळली म्हणून त्याच्यावरचा राग कमी व्हायला हवा होता. होत नाही. उलट त्याने मला रडायची जागाही ठेवली नाही, याचा आणखी राग.

शेट्टीला मेसेज केला, माफी मागितली. त्याने अंगठा पाठवला.

२५ मे, रविवार

पाचला जाग. लोळत पडलो. नऊला खरंच मॉल, ट्रॉली.

इ. मुसाफ्यातल्या हॉटेलात बसला असेल का, हा विचार दोन पराठ्यांएवढा वेळ डोक्यात.

१ जून, रविवार

यादगिरीचा फोन. नंबर माहीत नव्हता म्हणून उचलला. म्हणाला, हमारा आधा टीम छुट्टी पे जाएगा, आपका कोई लडका खेलेगा क्या? और आप आके थोडा सिखाओ, आपको रूल बहुत मालूम है. टोमणा नव्हता त्यात. असता तर सोपं झालं असतं.

मी त्याला म्हटलं, उस टाइम मैंने तुमको हां बोला था. मग म्हणाला, मालूम है साहब, हम उसी दिन समझ गया था. आप हाथ नहीं मिलाया था.

मी हात मिळवला नव्हता, हे डायरीत नाही.

८ जून, रविवार

ईद होऊन गेली. दर वर्षी इ.कडून शीरखुर्म्याचा डबा येतो. यंदाही आला, त्याच्या मुलाने आणला, दारातूनच गेला. इराने सगळा संपवला. मी एक वाटी घेतली, नंतर.

सहाव्या प्रकरणातलं ते वाक्य खोडलं. नवीन सुचत नाही. १८९८ सालची एक मॅच मी नेहमी गंमत म्हणून सांगतो: दोन क्लबांना बरोबरी झाली तरी पुरत होती, म्हणून दोघांनी नव्वद मिनिटं गोलाकडे बॉलच मारला नाही. दोघंही तरले. आज वाचताना हसू आलं नाही. सहा वर्षं इ. आणि मी तेच खेळत होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं.

२२ जून, रविवार

पंचेचाळीस डिग्री. सेक्रेटरीकडून पाकीट. आत पुढच्या सीझनचा अर्ज. बाहेर गेलेली टीम पुन्हा मागू शकते, जुने क्लबही मागायचे, काही परत आलेही. हेही कलम माझंच. अर्जाला एका सभासद टीमची सूचक म्हणून सही लागते.

सही आधीच आहे. इक्बाल मुकादम. पेनाने, शाईने.

त्याने शाई वापरलेली मी कधी पाहिली नव्हती.

म. म्हणाली, बघ. मी म्हटलं, काय बघ? सूचकाची सही सगळ्यांसमोर असते. मत चिठ्ठीत असतं. आंबोळीच्या वेळेलाही तो 'धर की'च म्हणाला होता.

मुदत एकतीस ऑगस्ट. सूचकाच्या खाली अर्जदाराची जागा आहे. तिथे मी नाव लिहायला घेतलं. 'अ' काढला, मराठीत. मग पेन ठेवलं.